आधी विजेचं बिल, मग बांबूचा ब्रश

पर्यावरणपूरक राहणीवरचे लेख बहुतेक पुण्या-मुंबईत लिहिले जातात. ते वाचून नंदुरबारच्या माणसाला वाटतं, हे काम आपलं नाही. बांबूचा टूथब्रश, बिनपाकिटाच्या किराण्याचं दुकान, सेंद्रिय सुताचे टी-शर्ट यातलं इथे काही मिळत नाही. ऑनलाइन मागवावं तर ब्रश बोटभर आणि त्याभोवतीचा पुठ्ठा हातभर. म्हणून या लेखात दुसऱ्या टोकाने सुरुवात करू. नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरला नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या चार माणसांच्या घराचा खरा भार कुठे पडतो, तो कमी कसा करायचा आणि कशाच्या नादी लागायचं नाही, एवढंच यात आहे.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ होती आणि शंभरातले जेमतेम सतरा लोक शहरात राहत होते. म्हणजे आपण शहरवाले इथे थोडे. पण एसी, दुचाकी, पाण्याचे जार, मंगल कार्यालयातल्या पंगती आणि घंटागाडी भरून जाणारा कचरा यातला मोठा हिस्सा या थोड्यांचाच. डोंगरातल्या पाड्यावरच्या घराला ‘पर्यावरणपूरक व्हा’ असं सांगण्याची गरज नाही. तिथे मुळात वापरच कमी आहे.

पहिलं काम महावितरणचं बिल हातात घेण्याचं. बिलावर फक्त रक्कम बघून ते खुंटीला अडकवायचं नसतं. त्यावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो. जानेवारीचा आकडा आणि मेचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. मधला फरक म्हणजे तुमच्या घराचा उन्हाळा. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे हा फरक बहुतेक घरांत दुपटीच्या वर निघतो. राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते आणि देशाच्या ग्रीडची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षभर कापडी पिशवी वापरून जे साधत नाही, ते मे महिन्यातले शंभर युनिट वाचवून साधतं.

विजेबद्दल या जिल्ह्याने थोडं जास्त जपून बोलायला हवं, असं मला वाटतं. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला आणि त्यासाठी महाराष्ट्रातली जी ३३ गावं बुडिताखाली आली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलंच. आपल्या बटणापर्यंत येणारी वीज कुणाच्या तरी शेतावरून आलेली असते, हे इतर जिल्ह्यांना पुस्तकात वाचावं लागतं. आपल्याकडे त्या गावांची माणसं तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत राहायला आहेत.

आता उपाय. आधी पंखे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो; बीएलडीसी मोटरचा पंखा त्याच वाऱ्याला तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास पंखा चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. पहिल्या शंभर युनिटनंतर विजेचा दर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून हे साठ युनिट महागातले असतात. सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो, म्हणजे बहुधा समोरच्या खोलीतला, तो आधी बदला. काढलेला पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावा, भंगारात कशाला?

मग छत. खानदेशातली धाब्याची घरं उन्हाळ्यात थंड राहत, कारण वर हातभर मातीचा थर असे. त्या मातीच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून तर पंख्याचा वाराही गरम लागतो. धाबं परत आणायची गरज नाही, त्याची गळती आणि दरवर्षीची माती कुणाला हवी आहे! पण स्लॅब पांढरा करता येतो. मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, गच्ची घासून धुवा. चुना रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा, त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल किंवा डिंकाचं पाणी घाला आणि संध्याकाळच्या वेळी केरसुणी किंवा मोठ्या ब्रशने पातळ हात द्या. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा, जमलं तर तिसरा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातात मोजे घाला. खालच्या खोलीत दोनपासून पाच अंशांपर्यंत फरक पडतो. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेसाठी आराखडा राबवला आणि पुढे झोपडपट्ट्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम त्यात घेतलं. नवापूरहून रेल्वेने जेवढ्या सहज आपण गुजरातेत जातो, तेवढ्या सहज ही गोष्ट इकडे यायला हरकत नव्हती.

कूलर की एसी? याचं उत्तर आपल्या हवेने आधीच दिलंय. एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. तो दीडशे-दोनशे वॉट घेतो. दीड टनाचा एसी तासाला एक युनिटच्या पुढे जातो. अट एवढीच की कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला तर तासाभरात चिकचिक होते आणि दोष कूलरला मिळतो. ताट्यांतलं गवत दर उन्हाळ्यात बदला आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास पोसाल. जून सरला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा एसी लावायचाच असेल तर २४ अंशांवर ठेवा आणि वर पंखा मंद फिरू द्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

वापर कमी केल्यावर मग गच्चीवरचं सौर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सौर बसवून मग पंखे बदलले, तर गरजेपेक्षा मोठा संच गळ्यात पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. अर्ज ऑनलाइन होतो. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आणि बँक खातं जवळ ठेवा, आणि बिल ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने अर्ज करा. आजोबांच्या नावावर मीटर असलेल्या घरांची गाडी इथेच अडते, तेव्हा नावबदल आधी करून घ्या.

संच बसवणाऱ्याशी बोलताना दोन गोष्टी आपल्याकडच्या बायकांना विचारून ठरवा. एक म्हणजे गच्चीवर मिरच्या, कुरडया, पापड कुठे वाळणार? सांगाडा डोक्याच्या वर उंचावर घेतला तर खालची सावली वापरता येते, पण वाळवणाला ऊन हवं, म्हणून दक्षिणेचा एक पट्टा मोकळा सोडायला सांगा. दुसरी, सौर पाट्या धुवायला पाणी आणि माणूस तिथवर पोचतो का? हंगामात नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारींच्या बाजूला राहत असाल तर धूळ जास्त बसते. आणि मे महिन्यात अपेक्षेपेक्षा कमी युनिट दिसले तर संच खराब निघाला असं समजू नका. पाटी तापली की तिची क्षमता घटते. फेब्रुवारी-मार्चचं ऊन तिला जास्त मानवतं.

ज्यांचं छत स्वतःचं नाही, भाड्याने राहतात किंवा अपार्टमेंटमध्ये आहेत, त्यांनी पश्चिमेच्या भिंतीकडे पाहावं. दुपारनंतरचं ऊन तिथून आत येतं. खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा जुनी गोधडी टांगली तर आतल्या पडद्याच्या कितीतरी पट फायदा होतो. ऊन काचेच्या आत आल्यावर त्याला अडवण्यात अर्थ नाही. बाल्कनीत दोरीवर गिलक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवला तर भाजीही मिळते, पण तो फेब्रुवारीतच लावायला हवा. मेमध्ये लावलेला वेल स्वतःच उन्हाने मरतो.

पाण्याचं थोडक्यात. नंदुरबार शहर विरचकच्या धरणावर अवलंबून आहे आणि पाऊस कमी झाला की नळाच्या दोन दिवसांमधलं अंतर वाढतं. तरीही नळ आला रे आला की कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतायची आपली सवय जात नाही. झाकून ठेवलेलं पाणी दोन-तीन दिवसांत शिळं होत नाही. भांडं स्वच्छ असावं, पाणी ओघराळ्याने घ्यावं, हात बुडवू नये. दुसरी उधळपट्टी आरओ यंत्राची. एक लिटर पिण्याचं पाणी काढताना ते दोन-तीन लिटर पाणी फेकून देतं. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओची गरजच नाही. साधा फिल्टर, यूव्ही किंवा उकळणं पुरतं. क्षार मोजायचं पेनाएवढं टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतं. गल्लीत एक असलं तरी भागतं. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात, बोअरच्या पाण्यात जास्त. मोजल्याशिवाय यंत्र घेऊ नका. घरात आधीच असेल तर त्याचं टाकाऊ पाणी बादलीत धरा आणि फरशी, संडास यांना वापरा. झाडांना रोज घालू नका, क्षार मातीत साठतात.

छतावरच्या पावसाचा हिशोब तोंडी करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया गेलं असं मानलं, तरी चाळीस हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पाइपला एक वेगळं तोंड ठेवा आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी त्यातून बाहेर जाऊ द्या. धूळ, पक्ष्यांची घाण आणि आपण मार्चमध्ये लावलेला चुना त्यातच वाहून जातो.

आता कचरा, जिथे मला जास्त वेळ घ्यायचाय. घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणं बंधनकारक केलं. ‘गाडीत शेवटी सगळं एकत्रच टाकतात’ ही तक्रार अनेकांची आहे आणि पुष्कळदा खरीही आहे. पण ओला कचरा गाडीत गेलाच नाही तर ती तक्रारच उरत नाही. शिवाय सालं-शिळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गायीसाठी कोपऱ्यावर ठेवायचा जो पुण्याचा प्रकार आपण करतो, त्यात गाय पिशवीसकट खाते. पुण्य कुणाला लागतं ते बघा.

रंगाच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या. तळाला आणि बाजूंना खिळा तापवून पंधरा-वीस भोकं पाडा, बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनी थाळी. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्यांचा चार बोटं थर. त्यावर मूठभर शेणखत किंवा वाटीभर आंबट ताक. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा टाका आणि प्रत्येक वेळी वरून त्याच्या दुप्पट कोरडं पसरा. कोरड्यासाठी बाजारातून काही आणायचं नाही. वखारीतला लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, तुरीचं भुसकट, अंगणातला वाळका पाला हे सगळं आपल्याकडे मागितलं की मिळतं. पपईची आणि केळीची सालं, जी शहाद्याकडच्या घरांत भरपूर निघतात, ती बोटभर तुकडे करून टाका; अख्खी टाकली तर गिळगिळीत गोळा होतो. मिरचीचे देठ चालतात, पण ते सावकाश कुजतात. तेलकट रस्सा, हाडं, काटे नकोत.

बादली तिची तब्येत वासाने सांगते. नाकाला झोंबणारा किंवा आंबूस वास आला म्हणजे ओलं जास्त झालं. कोरडं घाला आणि काडीने वरखाली करा. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं जास्त झालं; पाणी शिंपडा. मेमध्ये हे दर दोन दिवसांनी लागतं. जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून बादली फेकू नका. त्या कचरा खाऊन काम लवकर उरकतात आणि चावत नाहीत. पहिली बादली भरली की झाकून ठेवा, दुसरी सुरू करा. दुसरी भरेपर्यंत पहिलीतला माल काळा, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचा झालेला असतो. घरात कुंडी नसेल तर रस्त्यावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी टाका. घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत बहुधा ‘घरात कचरा ठेवायचा?’ ही असते. त्यावर वाद घालू नका, बादली आठवडाभर गच्चीवर ठेवा आणि वास येत नाही हे त्यांनाच पाहू द्या.

सुका कचरा भंगारवाल्याकडे. दुधाच्या पिशव्या धुऊन, कोपरा पूर्ण न कापता. तो तुटका तुकडा कधीच परत मिळत नाही. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा. आणि संध्याकाळी अंगणात पाला-प्लास्टिकचा ढीग पेटवणं बंद. उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल ५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे; पण दंड न होताही तो धूर आपल्याच घरातल्या दमेकऱ्याच्या छातीत जातो.

बाजाराच्या बाबतीत आपण पुण्याच्या पुढे आहोत आणि ते आपल्याला ठाऊक नाही. तिकडे भगर, नागली नक्षीदार पाकिटांत विकली जाते. आपल्या आठवडे बाजारात मोलगी-धडगावकडची भगर, आमचूर, चारोळी घेऊन बाया स्वतः बसलेल्या असतात. नवापूरची तूरडाळ घराजवळ पिकते. पावसाळ्यात कटुर्ली, टाकळा, कुडाची फुलं येतात. ती खत-फवारणीशिवाय आणि फ्रीजशिवाय आलेली असतात. ती घ्या, आणि मोबाइलच्या दुकानात सांगितलेला भाव जसा गुपचूप देता तसा इथेही द्या. जाताना दोन कापडी पिशव्या आणि एक स्टीलचा डबा न्या. डबा उकाईच्या मासळीसाठी किंवा मटणासाठी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी काळी पिशवी सगळ्यांत जास्त दिसते ती याच दोन दुकानांत.

झाडांबद्दल एकच सांगतो. कोनोकार्पस लावू नका. झटपट हिरवं दिसतं म्हणून तो सगळीकडे घुसला आणि शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. कडुलिंब, करंज, चिंच आपल्या उन्हाला सरावलेली आहेत. मोठं झाड तोडायचं असेल तर १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार नगरपालिकेची परवानगी लागते, ते झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी.

पेट्रोलसाठी फार शाई खर्च करत नाही. नंदुरबार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने सहज पार होतं. मार्च ते जून दुपारी ते शक्य नाही, बाकी आठ महिने आहे. सुरतेला चारचाकीने एकट्याने जाणं तर सरळ उधळपट्टी, कारण रेल्वेचा मार्ग दारातून जातो आणि तो विजेवर चालतो.

राहिली लग्नं आणि गणपती. हजार पानांच्या एका पंगतीत घराचा वर्षाचा सुका कचरा निघतो, तेव्हा लग्न हीच मोठी संधी. थर्माकोलची ताटं बंद आहेत. त्यांच्या जागी आलेल्या चकचकीत कागदी ताटांवर आणि कपांवर आतून प्लास्टिकचा थर असतो, ती कुजत नाहीत. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण हवे असतील तर ठेकेदाराला महिनाभर आधी सांगा, त्या आठवड्यात मिळत नाहीत. त्याहून बरं म्हणजे समाजाची भांडी भाड्याने आणा. बहुतेक समाजांच्या कार्यालयात दोन-पाचशे ताट-पेल्यांचा संच असतो आणि वर्षभर धूळ खातो. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवा, वाढायला पोरं लागतातच.

नंदुरबारमध्ये गणेशमूर्तींचा मोठा धंदा आहे आणि मूर्ती गुजरात-मध्य प्रदेशात जातात. त्यातल्या बऱ्याच पीओपीच्या असतात. पण याच शहराचे मानाचे दादा आणि बाबा गणपती मातीचे घडतात, तेव्हा मातीची मूर्ती दिसायला कमी, असं नंदुरबारकराला तरी म्हणता येणार नाही. घरची मूर्ती मातीची हवी तर आषाढातच नोंदवा. श्रावण संपता संपता कारागिराकडे माती आणि वेळ दोन्ही नसतं. दुकानात ओळखायचं असेल तर उचलून पाहा. मातीची मूर्ती जड लागते आणि खालून न रंगवलेल्या भागावर ओलं बोट फिरवलं की बोटाला माती लागते. पीओपीचीच आणली असेल तर गोमाईत किंवा तापीत नेऊ नका. बादलीत मूर्ती बुडेल एवढं पाणी आणि मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले वापरतात ते, घालून अधूनमधून ढवळत राहा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली ही पद्धत आहे. अमोनियाचा वास येतो म्हणून बादली गच्चीवर ठेवा, मुलांना लांब. दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते. तळाचा पांढरा साका वेगळा काढा, वरचं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घाला.